दादरची मॉक टेस्ट लॅब, माझे आठ स्कोअर आणि आजीची शुगरची वही

आधीच सांगून टाकते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये, कारण अर्ध्या गोष्टी चांगल्या आहेत आणि अर्ध्या गोष्टींवर मी अजून चिडलेली आहे आणि मला कोणाशी भांडायचं नाहीये. दादर वेस्टला स्टेशनपासून पाचसात मिनिटं चालत, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सवाला. माझी सीईटी झाली (इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनची, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवाली), रिझल्ट अजून यायचाय, आणि बिल्डिंगमधल्या दोन ज्युनिअर रोज विचारतात की ताई मॉक (सराव परीक्षा) कुठे दिल्या, पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पॅकेज होतं १० मॉकचं, ३५०० रुपये. रविवारी सकाळी ९ ची बॅच किंवा दुपारी २ ची, म्हणजे खऱ्या सीईटीच्या शिफ्टसारखीच वेळ. घरी लॅपटॉपवर मॉक देता येतात हे मलाही माहितीये, पण आमच्या घरी वन रूम किचनमध्ये तीन तास कोणी कुकर लावणार नाही, बेल वाजणार नाही आणि आजीची सिरियल बंद राहील हे शक्यच नाही, शिवाय घरी दिलं की मी मधेच उठून पाणी प्यायला जायचे आणि टायमर पॉज करायचे. खोटं कशाला बोलू.

तर लॅब. ४५ च्या आसपास कॉम्प्युटर, एसी चालू असतो (जास्तच चालू असतो, ओढणी किंवा जॅकेट न्या), रफ वर्कला कागद देतात, मोबाईल बाहेर ठेवायला लावतात. माऊस काही ठिकाणी चिकटतात, खिडकीजवळच्या रांगेत बसू नका, तिथल्या दोन माऊसना डबल क्लिकचा आजार आहे, एकदा क्लिक केलं की ऑप्शन सिलेक्ट होऊन परत डिसिलेक्ट. लॅब सांभाळणारे काका मात्र खूप चांगले, कोणाचा पीसी हँग झाला की स्वतः उठून येतात आणि तेवढी मिनिटं शेवटी वाढवून देतात. स्क्रीन खऱ्या परीक्षेसारखी, उजवीकडे प्रश्नांच्या नंबरांचे रंगीत डबे, मार्क फॉर रिव्ह्यू वगैरे सगळं. खऱ्या पेपरला बसले तेव्हा स्क्रीन बघून घाबरले नाही, याचं क्रेडिट यांनाच.

आता मुद्द्यावर येते. माझे आठ स्कोअर, २०० पैकी: ११२, १३४, ९७, १२९, १२१, १३९, १०८, १२७.

बघितलंत ना. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घरात याच आकड्यांवर जेवणं झाली आणि जेवणं राहिली. १३४ आले त्या दिवशी बाबांनी छबिलदासच्या गल्लीतून वडे आणले आणि व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये कुठली ब्रँच घ्यायची यावर चर्चा झाली, पुढच्याच रविवारी ९७ आले आणि बाबा जेवताना म्हणाले की कॉमर्सला पण चांगला स्कोप असतो. आठ दिवसांत मी इंजिनिअरची सीए झाले. बाबांचंही काय चुकलं म्हणा, सेंटरवाले रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांची लिस्ट टाकतात, पूर्ण नाव, मार्क, रँक. हे मला अजिबात आवडलं नाही. मी ९७ आणले हे मला कळायच्या आधी मुलुंडच्या कुठल्यातरी काकूंना कळलं होतं आणि त्यांनी बाबांना हात जोडलेली इमोजी पाठवली होती. कशासाठी हात जोडले ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि सोमवारी सेंटरमधून मॅडमचा फोन. "बेटा तुझा ग्राफ खाली जातोय, आमची क्रॅश बॅच आहे, १८ हजार, आज अॅडमिशन घेतलीस तर १५." तिसऱ्या मॉकनंतर मला फोन आला, मैत्रिणीला आला, तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला आला. सातव्या मॉकनंतर परत सगळ्यांना आला. तिसरा आणि सातवा हेच दोन पेपर सगळ्यात कठीण होते, योगायोग असेलही, मी फक्त सांगतेय.

मी त्या सोमवारी जाम रडले होते. मग आजीने मला समोर बसवलं. आजीला शुगर आहे आणि तिची एक वही आहे, बारा-तेरा वर्षांची, दर दोन-तीन दिवसांनी बोटाला टोचून आकडा लिहिते. मी तिला म्हटलं बघ ना आजी, १३४ वरून ९७, अभ्यास तेवढाच केला. तिने वही उघडली, एका बाजूला "उपाशी", दुसऱ्या बाजूला "जेवून". म्हणाली, "अगं, उपाशीपोटीची ११८ आणि जेवल्यावरची १७२ मी एका खाली एक लिहून वाढली वाढली म्हणून बोंबलले तर डॉक्टर मला वहीसकट बाहेर काढतील. तुझ्या या आकड्यांपुढे काय लिहिलंयस, उपाशी का जेवून?"

काहीच लिहिलं नव्हतं. नुसते आकडे.

मग मी त्या रात्री शोधायला बसले आणि पहिली गोष्ट जी सापडली त्याने मला आधी हसू आलं आणि मग सेंटरचा राग आला. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री आधी येतं, ५०-५० प्रश्न, ९० मिनिटं, ते संपलं की तो भाग बंद, मग मॅथ्स उघडतं, ५० प्रश्न, ९० मिनिटं. मॅथ्सला २ मार्क, बाकीच्यांना १. परत मागे जाता येत नाही. पण यांच्या पहिल्या दोन मॉकमध्ये हे लॉकच नव्हतं, १८० मिनिटं सगळं उघडं. मी शहाणी, मॅथ्स २ मार्कांचं म्हणून आधी मॅथ्स घेतलं, त्याला दोन तास दिले आणि उरलेल्या तासाभरात केमिस्ट्रीचं पाठांतर ओतलं. त्याचे १३४. तिसऱ्या मॉकपासून लॉक टाकलं, आधी सांगितलं पण नाही, आणि मी ९० मिनिटांत १०० प्रश्न या चक्कीत सापडले. हिशोब करा, एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सला १०८ सेकंद मिळतात म्हणून तिथे श्वास घेता येतो. म्हणजे माझे १३४ हे वेगळ्याच परीक्षेचे होते, जी परीक्षा जगात कोणी घेत नाही. एवढी बेसिक गोष्ट पहिल्या मॉकपासून बरोबर हवी होती, ३५०० घेता तर.

दुसरी गोष्ट, रँक. १३४ ला माझी रँक होती ४१ पैकी १४. ९७ ला ४३ पैकी ९. हे त्याच लिस्टमध्ये लिहिलेलं होतं, बाबांच्या मोबाईलमध्ये, आणि घरात कोणीच बघितलं नाही कारण सगळे मार्कांकडे बघत होते! पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता, पहिला येणारा मुलगा जो एरवी १७० च्या वर असतो तो १४८ वर आला होता. बाबांना दाखवलं तर ते चष्मा वर करून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "मग वडे तेव्हा आणायला हवे होते."

आणि मग मला वाटलं, परीक्षा घेणारं खुद्द सीईटी सेलसुद्धा मार्क शेजारी शेजारी ठेवून बघत नाही. परीक्षा इतके दिवस, सकाळ-दुपार शिफ्टमध्ये चालते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून प्रत्येकाचं पर्सेंटाइल त्याच्या त्याच्या शिफ्टमधल्या मुलांवरून काढतात, ९९ म्हणजे त्या शिफ्टमधल्या शंभरातल्या ९९ जणांचे मार्क तुमच्याएवढे किंवा कमी. दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत काढतात, सात! एवढं सगळं करतात कारण एका पेपरचे १२० आणि दुसऱ्या पेपरचे १२० सारखे नसतात. आणि आम्ही दोन रविवारचे दोन वेगळे पेपर एका ग्राफवर टाकून घरात सुतक पाळत होतो.

त्या दिवसापासून वही केली, आजीसारखी. मार्क, रँक, किती जण होते, सकाळ का दुपार, आदल्या रात्री किती झोपले, लॉक होतं का. आणि एक रकाना जो सगळ्यात कामाचा निघाला: तुक्के.

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे आपण काहीच रिकामं सोडत नाही (सोडू नका, प्लीज). मी चौथ्या मॉकपासून रफ कागदावर ज्या ज्या प्रश्नाला निव्वळ तुक्का मारला त्याचा नंबर लिहायला लागले. साधारण फिजिक्स-केमिस्ट्रीत २८ आणि मॅथ्समध्ये १६ निघायचे, जास्त आहेत, माहितीये, मॅथ्सच्या व्हेक्टर आणि थ्रीडीशी माझं वैर होतं. चार ऑप्शन म्हणजे चारातला एक लागणार, तर २८ मधून ७ मार्क आणि १६ मधून ४ प्रश्नांचे ८, एकूण सरासरी १५ मार्क फुकट. पण सरासरी म्हणजे दर वेळी १५ नाही ना. सहाव्या मॉकला माझे फिजिक्स-केमिस्ट्रीतले १० लागले आणि मॅथ्सचे ७, म्हणजे १० अधिक १४, २४ मार्क नुसत्या तुक्क्याचे. आठव्याला ५ आणि ३ लागले, ११ मार्क. आता १३९ मधून २४ काढा, ११५. १२७ मधून ११ काढा, ११६.

मी हे तीन वेळा करून बघितलं. घरात सगळ्यांना वाटत होतं सहाव्यात मी शिखरावर होते आणि आठव्यात घसरले. मला जे येतं ते तिथल्या तिथे होतं, एका मार्काने वरच. बारा मार्कांचा फरक पूर्णच्या पूर्ण नशिबाचा, आणि त्यावर त्या रविवारी रात्री मी जेवले नव्हते.

हे सगळं करता आलं ते सेंटरच्या रिस्पॉन्स शीटमुळे हे पण मान्य करते. मॉक झाल्यावर दुसऱ्या दिवशी लॉगिनमध्ये प्रत्येक प्रश्न, आपण दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर आणि त्या प्रश्नावर किती सेकंद गेले हे सगळं दिसतं. ही यांची सगळ्यात चांगली गोष्ट आहे आणि गंमत म्हणजे ते त्याची जाहिरातच करत नाहीत, जाहिरात ऑल मुंबई रँकची करतात, जी ४३ पोरांची असते. त्या सेकंदांच्या रकान्यामुळे मला सातव्या मॉकचे १०८ समजले. एका इंटिग्रेशनवर मी ९ मिनिटं बसले होते. नऊ. मला तेव्हा वाटलं होतं दोन-तीन गेली असतील. आणि ते आलंच नाही. शेवटी १२ प्रश्न रिकामे राहिले, त्यात तुक्के मारायलाही वेळ उरला नाही, सरासरीने सहा मार्क तिथेच गेले असतील.

सातव्याची अजून एक बाजू म्हणजे मेगाब्लॉक, रविवारचं ते रेल्वे दुरुस्तीचं काम. मी भांडुपहून यायचे आणि मॉक रविवारी, आता सेंट्रलवाल्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी २ ची बॅच, मी साडेबाराला घरातून निघाले, स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवर वळवलेल्या, गाडी विक्रोळीच्या पुढे अशी उभी राहिली की एका काकूंनी मटार सोलायला काढले. दादरला उतरून धावत जिना चढले तेव्हा दोनला चार मिनिटं कमी. असा पेपर दिल्यावर वहीत "जेवून" च्या ऐवजी "धावून" लिहिलं. पण फायदा असा झाला की माझं हॉल तिकीट आलं ते दुपारच्याच शिफ्टचं, सेंटर पवईला, आणि तोपर्यंत मला माहिती झालं होतं की दुपारी मी पोटभर जेवले की फिजिक्सच्या पंधराव्या प्रश्नाला डोळे मिटायला लागतात. आईने त्या दिवशी साडेअकराला दहीभात दिला, अर्धी वाटी, आणि आम्ही रिक्षाने दोन तास आधी निघालो.

आता तक्रारी, ज्या राहिल्यात त्या. पेपरची क्वालिटी एकसारखी नाही. सीईटी स्टेट बोर्डाच्या अभ्यासक्रमावर आहे, साधारण २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं, बालभारतीची पुस्तकं कोळून प्यायली की बरंच निघतं. यांच्या काही पेपरांत अकरावीचे प्रश्न मोजून ४ होते आणि काहींत ५० च्या वर, आणि तिसऱ्या पेपरात तर असे लांबलचक प्रश्न होते की १०८ सेकंदात वाचून पण व्हायचे नाहीत, सरळ सरळ जेईईच्या कुठल्यातरी बँकेतून उचललेले. असे पेपर असतील तर स्कोअर झोके खाणारच, त्यात मुलांचा काय दोष. दुसरं, पाचव्या मॉकला आन्सर कीच चुकीची. आधी ११७ दाखवले, मी आणि अजून दोघांनी मॅथ्सच्या दोन प्रश्नांवर मेल केला, चार दिवसांनी १२१ केले. सॉरी नाही, काही नाही, ग्रुपवर "रिव्हाइज्ड लिस्ट" एवढंच. ते चार दिवस बाबांच्या ग्राफमध्ये मी ११७ वर होते.

तिसरं, सर. डाऊट सॉल्व्हिंग पॅकेजमध्ये आहे असं लिहिलंय, प्रत्यक्षात केमिस्ट्रीचे सर फक्त बुधवारी असतात आणि मॅथ्सचे सर छान शिकवतात पण त्यांच्या भोवती क्रॅश बॅचवाली पोरं असतात, आपण मॉकवाले म्हणजे मागच्या डब्यातले. एकदा थांबून त्यांना विचारलं, सर स्कोअर स्थिर का नाही होत, तर म्हणाले, "स्थिर स्कोअर माझ्या फक्त दोन प्रकारच्या मुलांचे असतात, १८० वाल्यांचे आणि ४० वाल्यांचे. मधल्यांचं असंच." यावर मला थोडं बरं वाटलं. मधल्यांना अर्धं येत असतं, मग कुठला अर्धा भाग पेपरात आला त्यावर खेळ.

शेवटच्या दोन मॉक मी दिल्याच नाहीत. माझा पेपर होता त्याच आठवड्यात लावल्या होत्या. आई म्हणाली पैसे भरलेत तर देऊन ये, आजी म्हणाली रोज रोज टोचून शुगर कमी होत नाही. आजीचं ऐकलं. त्या दोन दिवसांत व्हेक्टर आणि थ्रीडीची तीन-चार सूत्रं पक्की केली आणि मॅथ्सचे तुक्के १६ वरून घरच्या सरावात १० वर आणले, मॉक देऊन हे झालं नसतं. ७०० रुपये परत मागितले तर म्हणाले रिफंड नाही पण पुढच्या वर्षी वापरता येतील. पुढच्या वर्षी! तोंड वाकडं करून खाली आले आणि झेरॉक्सवाल्या दादांकडे लिंबू सरबत प्यायले, ते सरबत पण विकतात, चांगलं असतं.

घ्यायचं का विचारत असाल तर, लॅबसाठी आणि रिस्पॉन्स शीटसाठी घ्या, पाच मॉकचं छोटं पॅकेज मागा, बोर्डावर लिहिलेलं नाही पण मागितलं की २००० ला देतात. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, सेक्शन लॉक आहे का आणि अकरावी-बारावीचं प्रमाण ठेवता का. ग्रुपवर आई-बाबांचा नंबर देऊ नका, स्वतःचा द्या. फोन आला की "विचार करून सांगते" म्हणायचं, तिसऱ्यांदा येत नाही. घर शांत असेल आणि स्वतःवर पॉज न दाबण्याएवढा कंट्रोल असेल तर एवढ्या लांब यायची गरज नाही, घरीच टायमर लावून द्या.

माझ्याकडून ५ पैकी ३. अर्धा स्टार काकांसाठी वाढवला असता पण तो माऊसने काढून घेतला. आणि ज्युनिअर लोक, माझी वही हवी असेल तर घरी येऊन बघा, देणार नाही, कारण तिच्या मागच्या पानांवर आता आजी शुगर लिहिते, तिची जुनी भरली.